विरजण न लागलेलं पाणी

वसुधा ग्लास आतून कधी पुसत नसे. उपडा ठेवून निथळू द्यायची. पाणी पिण्याआधी ते उजेडाकडे धरायची. कुणाच्याही घरी चहाच्या किटलीत डोकावायची आणि आतला पांढरा थर नखाने खरवडून बघायची. मी तिची मैत्रीण; मी कवितेबद्दल बोलू लागले की म्हणायची, "मुद्द्यावर ये गं."

घाटकोपरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात ती पाणी तपासायची. १९५६ साली तिथल्या बॉयलरच्या नळ्या दगडासारख्या पांढऱ्या थराने बुजल्या. मॅनेजरने दोष धाकूवर ठेवला. धाकू अकरा वर्षं बॉयलरवर होता. विहिरीच्या पाण्यात तो रोज मूठभर हिरड्याची पूड टाकायचा. तीन महिन्यांपूर्वी मॅनेजरनेच ती बंद केली होती.

"बॉयलरला जुलाब देतोस काय रे?"

"पोट साफ तर सगळां साफ, सायबानू."

तेव्हा सगळे हसले होते. आता धाकूची नोकरी जाणार होती. निष्काळजीपणाचा कागद तयार होता, त्यावर वसुधाची सही हवी होती. तिने पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांच्या टेबलावर दोन बीकर ठेवले. पाणी त्याच विहिरीचं, सारखंच उकळलेलं. पहिल्याच्या काचेला पांढरा थर घट्ट धरला होता. दुसऱ्यात किंचित हिरडा होता. त्यातलं पाणी तपकिरी, तळाशी सैल गाळ, काच स्वच्छ.

घरगुती औषधं कारखान्यात चालणार नाहीत, असं मॅनेजर म्हणाला.

"क्षार दोन्हीत तेवढाच आहे," वसुधा म्हणाली. "पण थर धरायला आधी बारीक कण जमावे लागतात, दुधाला विरजण लागावं तसे. हिरडा ते विरजण नीट लागू देत नाही. तो तुम्ही बंद केलात. कागदावर तुमचं नाव घाला, आत्ता सही करते."

मालकांनी पहिल्या बीकरमध्ये बोट फिरवलं. धाकू राहील, म्हणाले, पण मूठ म्हणजे किती, ते वजनात लिहून द्या.

तिने दहा बीकर मांडले. प्रत्येकात आधीच्यापेक्षा कमी हिरडा. सहा तपासून झाले, वहीत उतरले. मग टायफॉइडने नऊ दिवसांत ती गेली.

हिरडा किती टाकायचा विचारलं, की धाकू अजून मॅनेजरसमोर मूठ उघडतो.

वही माझ्याकडे आहे. सातव्या बीकरपुढे हिरड्याचं वजन लिहिलेलं आहे. शेजारचा रकाना कोरा.