धुतलेली कण्हेर

अंधेरीच्या हायवेवर, दुभाजकावरची कण्हेर सांभाळणाऱ्या त्या माळीकाकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. एम.एस्सी.च्या वर्षी दर सोमवारी मी त्यांच्याकडून पानं न्यायचे. पेट्रोलच्या धुरातलं शिसं झाड शोषून घेतं, हे मला दाखवायचं होतं. सर म्हणायचे, "शोषतंय कुठलं? वर धूळ बसते, तीच तू मोजतेस." धुऊन बघायचा धीर मला वर्षभर झाला नव्हता.

पान तोडण्याआधी काका फांदीवरून हात फिरवायचे, परवानगी मागितल्यासारखा.

शेवटच्या सोमवारी गेले तर सगळी रांग लखलखत होती. काखेत ओलं फडकं धरून काका हसत होते. "तुझो आज शेवटचो दिवस ना? एकेक पान पुसून ठेवलंय."

"वाट लावलीत काका! आता यात मोजू काय?" मला रडूच फुटलं.

त्यांनी एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. "अगो, भायरचा गेला. गिळलेला खंय जातला?"

तीच पानं तपासली. शिसं होतं, पानाच्या आत! सरांनी स्वतः दोनदा मोजलं आणि माझ्या प्रबंधावर सही केली.

मी धावतच हायवे गाठला. ऐकून काका ताठ उभे राहिले. तेवढ्यात एक टॅक्सी धूर ओकत गेली. तिच्यामागे फडकं नाचवत ते ओरडले, "सोड रे, सोड! किती सोडतस बघूया! हय माझी कण्हेर उभी आसा!"