ओवाळून घेतलेला कमोड

आमच्या मुखेडच्या घरात पहिला कमोड आला तो हळदीकुंकू लावून. आणला मीच. (लपवून उपयोग नाही, अर्ध्या गावाला माहीत आहे.)

त्याचं असं झालं. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उकिडवं बसणं बंद, घरी कमोड असेल तरच घेऊन जा. तोवर त्या लातूरलाच लेकीकडं, आमच्या शोभावन्संकडं राहिल्या. वन्संचा रोज फोन.

"वहिनी, सावकाश होऊ द्या. आईला करमायलंय इथं. आमच्याकडं हाय ना सगळं."

त्या 'सगळं'वर असा जोर, की माझ्या कानाला चटका बसायचा. सासू लेकीकडं रमली की गाव नावं सुनेला ठेवतं.

आम्ही गफूर मिस्त्रींना बोलावलं. ते काम मजुरीवर घेत. "भाबी, माल तुमचा, हात माझा," ही त्यांची अट. आमचे हे म्हणाले, "माल पण त्यांनाच आणू दे. त्यांना कळतं." पण मिस्त्रीच्या हाती दिलं की तो हलका माल आणतो, असं मला शेजारणीनं सांगितलं होतं. (शेजारणीचं स्वतःचं घर पत्र्याचं होतं, हे मी ध्यानात घेतलं नाही.) शिवाय जिला साडी पारखता येते तिला जगातला कुठलाही माल पारखता येतो, असं माझं त्या वयात ठाम मत होतं.

मिस्त्रींनी निघताना बजावलं, "पाईप जमिनीत सोडलाय. खालून निघणारं भांडं आणा."

"हाव, हाव," मी म्हणाले आणि नांदेडची एसटी धरली.

दुकानदारानं विचारलं, "बाई, पाणी खालून काढायचं का भिंतीतून?"

"गुलाबी दाखवा," मी म्हणाले.

गुलाबी एकच होता. मी तो लगेच पसंत केला, जुन्या इरकलीत गुंडाळला आणि परतीच्या एसटीत माझ्याशेजारी खिडकीला बसवला. कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

"सामान."

"सामान खाली असतंय बाई. सीटवर बसलं की पॅसेंजर झालं."

झालं, त्याचंही तिकीट काढलं. पुढच्या सीटवरची म्हातारी वळून वळून बघत होती. इरकलीचा पदर, आतली गोलाई... शेवटी तिनं हळूच विचारलं, "कोणता देव हाय, माय?"

आता भर गाडीत काय सांगणार? "घरातलाच हाय," म्हणाले. तिनं हात जोडले. मी खिडकीबाहेर बघू लागले.

घरी पोचले तर धाकटी जाऊ सुमन ताट घेऊन दारात उभी. आमच्याकडं सायकल असो, फ्रिज असो, नवी वस्तू ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

"सुमे, अगं काय आणलंय म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय की. पण नवी वस्तू तशीच कशी आत घ्यायची?"

बिनतोड होतं. तिनं हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. निरांजनाला काडी मीच लावली होती. नारळ मात्र मी पायरीवर फोडायला लावला. तेवढी अक्कल होती.

सकाळी गफूर मिस्त्री आले. त्यांनी भांड्याभोवती एक चक्कर मारली.

"भाबी, ह्याचं पाणी मागनं निघतंय."

"मग?"

"पाईप खाली हाय."

मी वाकून त्या गुलाबी वस्तूच्या मागं बघितलं. भोक तिथंच होतं.

"तुम्ही मला सांगायचं ना," मी म्हणाले.

"सांगितलं व्हतं."

"मग जोरात सांगायचं."

तेवढ्यात वन्संचा फोन. "रविवारी आईला घेऊन येते. सोय झाली नसंल तर तशीच परत आणीन. टेन्शन घेऊ नका."

मी कमोड घासूनपुसून पुन्हा एसटीत घातला. दुकानदारानं तो उलटा केला आणि आतून मूठभर अक्षता सांडल्या.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पूजा झाली का ह्याची?"

"थोडीशी."

"मग बाई, हा आता तुमचाच. ओवाळून आत घेतलेल्याला माहेरी धाडत असतेत का कुठं?"

परतीला कंडक्टर नेमका तोच. खिडकीकडं बघून म्हणाला, "करमलं न्हाई वाटतं नांदेडला."

अखेर तोड मिस्त्रींनीच काढली. जमिनीतला पाईप बुजवायचा आणि गल्लीकडच्या भिंतीतून नवा काढायचा. म्हणजे कमोडाची पाठ गल्लीकडं अन् तोंड दाराकडं. त्या दारासमोरच आमचं स्वयंपाकघर.

"भाबी, बसणाऱ्याला चूल दिसंल बरं का."

"दिसू द्या. दार लावलं की झालं."

रविवारी आत्याबाई आल्या. पडायच्या भीतीनं त्यांनी दार लावलंच नाही, वीतभर उघडं ठेवलं. मी भाजी परतत होते. आतून आवाज आला, "पाणी लई घातलंस. अन् मोहरी बी नीट तडतडू दिली न्हाईस."

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "चल आई, तुला इथं अवघड होईल."

आत्याबाई हलल्या नाहीत. "शोभे, तुझ्याकडं सगळं हाय. पण बसल्या जागी सैपाकघर दिसत न्हाई."

सासू राहिली, गावात माझी मान ताठ राहिली, आणि पुढची कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक फोडणीवर त्या वीतभर फटीतून नजर राहिली.

आता गुडघे माझे गेलेत आणि घर लेक नव्यानं बांधतोय. परवा कंत्राटदार आला. मालासकट काम घेतो म्हणाला. "आजी, तुमची काही सूचना?"

मी तोंड उघडायच्या आत सून बोलली, "सगळा माल तुम्हीच आणा. आणि आईंचा कमोड दाराकडं पाठ करून बसवा."

मी नाक वर करून वास घेतला. भाजी खाली लागायलीय, एवढंच सांगितलं.