दिव्यापाशी कोण बसणार

वडील गेले तेव्हा मी प्रबंधासाठी काही विलक्षण ताऱ्यांचा उजेड मोजत होतो. त्यांच्या पृष्ठभागावर क्रोमियम, स्ट्रॉन्शियम असली मूलद्रव्यं प्रमाणाबाहेर दिसतात. त्यांच्याभोवती कोमट धूळ आहे का, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून कळतं. डोंगरावरची दुर्बीण मला वर्षातून एकदाच मिळे, आणि ती रात्र नेमकी सुतकात आली.

पेणच्या घरी, वडिलांना ठेवलं होतं त्या जागी दिवा तेवत होता. क्रिया धरलेल्या मुलानं दहाव्यापर्यंत तो सोडून जायचं नसतं. मी डोंगरावर जायचं काढलं तशी रोह्याहून आलेल्या काकांनी चौकशी सुरू केली.

"सुतकात देवाला शिवायचं नाय. तारे देवात धरतात का?"

"नावं नाय त्यांना, काका. नुसते नंबर हायत."

"मग देव नाय. हात लावायचा असतो?"

"नाय. उजेड मोजायचा."

"कसला?"

"दिसत नाय तो."

भिंतीला टेकलेली आई म्हणाली, "जा की. दिसत नाय तो मोजायला डोंगर चढ. दिसतोय त्यात तेल मी घालते."

न गेलो तर प्रबंध वर्षभर अडणार होता, पण हे त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं. मग तिनंच विचारलं, "तो उजेड निघतो कशातून?"

"जे जे गरम, त्यातून. माणसातूनसुद्धा."

"गेलेल्या माणसातून?"

"अंग गार पडलं तरी निघतो. थोडा कमी होतो, इतकंच."

आईनं दिव्याची वात पुढं सारली. मग काकांना म्हणाली, "भावजी, शिफ्ट बदलून घ्या नि इथं बसा. हा जाऊन येऊ दे."

"कंपनीत काय सांगू?"

"भाऊ गेला म्हणून सांगा. खोटं नाय ते."

मुंडण केलेल्या डोक्यावर माकडटोपी चढवून मी गेलो. आकाश स्वच्छ मिळालं. तारा मोजायचा, मग शेजारचं रिकामं आकाश मोजून ते वजा करायचं, एवढंच काम. दहाव्याच्या आदल्या दिवशी परतलो, तेव्हा काका दिव्यापाशी पेपर वाचत होते.

"काय निघालं?"

"जास्तीचं काय नाय. धूळ नाय. साध्या ताऱ्यांइतकाच उजेड."

"म्हंजे फुकटची फेरी."

"नाय, हेपण लिहावं लागतं."

आईनं आतून विचारलं, "उजेड कमी तर नाय ना भरला?"

"नाय."

"मग झालं," ती म्हणाली. मी हातपाय धुऊन दिव्यापाशी बसलो. काका उठून जेवायला गेले.