प्रभाबाईंची तेवीस मिनिटं

आई गेली त्या गुरुवारी मी सगळ्यात आधी तिची डेंटिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. मग ऑफिसला इमेल, मग फ्यूनरल होमला फोन. त्यांनी शनिवारी अकराची वेळ दिली, एक तास. मी थँक यू म्हटलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. "जाई धीराची आहे हो," असं कुणीतरी माझ्यामागे म्हणालं. धीर कसला, मला काही होतच नव्हतं.

आई, म्हणजे प्रभा कोठावदे, हिने सटाण्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाली, पाठोपाठ बाबा गेले, आणि ती माझ्या लेकीला सांभाळायला ओटावाला आली. चैत्रालीला तिने सांभाळलंच, पण जोडीला आमच्या अख्ख्या कनाटा उपनगरातली मराठी घरं सांभाळायला घेतली.

सुरुवात आमच्या इथल्याच नंदकुमारच्या वडिलांपासून झाली. ते गेले ऐन जानेवारीत. गुरुजी टोरंटोचे, आणि बर्फाने हायवे बंद. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. आई देवपूजा करणारी, संस्कृत स्वच्छ वाचणारी. तिने अंत्यविधीचं पुस्तक उघडलं.

"बायका करतात का हे?" भाऊसाहेबांनी विचारलं. ते आमच्यातले सगळ्यात वडीलधारे.

"नाही करत. मग तुम्ही करा. हे घ्या पुस्तक."

भाऊसाहेबांनी पुस्तक घेतलं नाही. पुढे त्यांच्या बायकोचंही सगळं आईनेच केलं.

नऊ वर्षांत एकोणीस जणांना तिने निरोप दिला. त्यात नागपूरचा एक कॉलेजातला मुलगाही होता. त्याचे आईवडील व्हिसा मिळेना म्हणून तिकडून व्हिडिओवर बघत होते, आणि आई त्यांना एकेक गोष्ट समजावून सांगत होती. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. मी चिडले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी, असं तोंडावर म्हटलं. "भाजता येतात म्हणून भाजते," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा नव्हता, लोकांचा होता. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त मिळायची.

मग गुडघे गेले. बर्फातून जाणं जमेना, तेव्हा तिने बेसमेंटमध्ये बसून चैत्रालीच्या फोनवर सगळा विधी रेकॉर्ड केला. तेवीस मिनिटं. कुणाच्या घरी कुणी गेलं की ती फाइल पाठवायची. मी ती कधी ऐकली नव्हती. माझ्यावर वेळ येईल, असं मनात आलंच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नंदकुमार आला. "गुरुजी मंडेपर्यंत बुक्ड आहेत. फ्यूनरल होमला डेट चेंज करायला सांगू का?"

"आय हॅव आजीज फाइल," चैत्राली म्हणाली.

मी म्हटलं, चालेल. त्या दोन दिवसांत मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते. आतून मात्र एकच भीती होती. आईला निरोप द्यायची ही एकच वेळ, आणि मी ती मीटिंगसारखी उरकून मोकळी होणार.

शनिवारी चाळीसेक माणसं आली. गालिचा भिजू नये म्हणून फ्यूनरल होमवाल्यांनी खाली ट्रे दिला होता. चैत्रालीने फोन स्पीकरला लावला.

"सगळे आलात? बूट बाहेर काढा. मोबाइल बंद करा, हा सोडून," आई म्हणाली. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच रडायला लागलं. ती सांगेल तसं मी करत गेले. आईच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, गंगेचं पाणी घातलं. ओंजळीत तीळ घेतले. "पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं. सांडलं तर सांडू दे." आई शिकवत होती आणि मी शिकत होते. आत अजून सगळं बधिर.

"आता गेलेल्या माणसाचं नाव घ्या."

रेकॉर्डिंगमध्ये शांतता झाली. दोन दिवस मी हे नाव फोनवर इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करून सांगत होते. आता ओठ उघडेनात. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाव निघालं नसेल," आई म्हणाली. "बहुतेकांचं निघत नाही. घाई नाही. मी थांबते."

पुन्हा शांतता. आमच्या बेसमेंटमधल्या, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग दुरून, जिन्यावरून, एक वैतागलेला आवाज आला. माझाच होता.

"आई, जेवायला येतेस का? किती वेळ चाललंय तुझं? आई!"

तिने मला ओ दिली नाही. कुणाला तरी थांबते म्हणून सांगितलं होतं ना, ती थांबली होती. माझं जेवण तिकडे निवत होतं, आणि ती माझ्यासाठीच थांबली होती.

मी ओंजळ पुढे केली आणि म्हणाले, "प्रभा."