सोफ्याच्या पोटातला चाकू

आमचे हे चाकू जमवतात. स्वयंपाकाचे नव्हेत, खिशात मावणारे, मिटणारे. लोक विचारतात, सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला इतके चाकू लागतात कशाला? मी म्हणते, मला नका विचारू बाई, त्यांनाच विचारा, आणि विचारायचंच असेल तर चांगली बसायला जागा बघून विचारा. एकदा हा विषय निघाला की ह्यांच्या तोंडाला लगाम राहत नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला काचेचं कपाट आहे. आत कुठल्याशा नाट्यगृहाच्या खुर्च्यांची उरलेली लाल मखमल लावलीय आणि त्यावर एकेक चाकू झोपवलाय. शटर वर केलं की ह्यांचं पहिलं काम म्हणजे कपाटाचं कुलूप काढायचं आणि त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो चाकू खिशात टाकायचा. काल शिंगाच्या मुठीचा, आज पितळी, उद्या तो बारका दोन पात्यांचा. "पात्याला हवा लागली पाहिजे, नाहीतर रुसतात," असं म्हणतात. बायको रुसली तर ह्यांना चौथ्या दिवशी पत्ता लागतो. पण चाकू रुसलेला ह्यांना बरोबर कळतो.

प्रत्येक चाकूवर, पातं जिथं मुठीत शिरतं तिथं, सुईच्या टोकानं दोन आडव्या रेघा ओढलेल्या असतात. ही ह्यांची खूण. "डोळे बांधून हातात द्या, माझा चाकू मी ओळखणार," ही फुशारकी अख्ख्या बाजारानं ऐकलेली आहे.

खोटं कशाला बोलू, कारागीर म्हणून माणूस पक्का आहे. सगळं काम डाव्या हातानं. तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारके खिळे, धरायच्या, जिभेनं एकेक पुढं आणायची, कापड दोन्ही हातांनी ताणायचं आणि ठोकायचं. ह्यांनी बांधलेला सोफा वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. गिऱ्हाईक एकदा सोफा घेऊन गेलं की परत तोंड दाखवत नाही, इतकं काम टिकतं. तेच तर नडलं.

आता माझ्या भावाचं सांगते. धाकटा आहे माझ्यापेक्षा. लहानपणापासून त्याला सगळे घुम्या म्हणतात, कारण तो बोलतच नाही. विचारलं तर उत्तर देतो, तेही एका वाक्यात, आणि ते वाक्यही अर्ध्यात सोडून. माझं लग्न झाल्यावर तो ह्यांच्या हाताखाली काम शिकला आणि बरीच वर्षं दुकानात होता. तेव्हा मी घरी मशीनवर खोळी शिवायचे, दुकानात क्वचित जायचे. ह्यांचं आणि घुम्याचं छान जमायचं. ह्यांना बोलायला लागतं आणि त्याला ऐकायला, मग काय.

आणि मग कपाटातले चाकू नाहीसे व्हायला लागले. एक गेला. काही महिन्यांनी दुसरा. मग शिंगाच्या मुठीचा, ह्यांचा जीव की प्राण. मग चौथा. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. कपाटाची किल्ली खिळ्याला असायची आणि दुकानात दोघंच, मग दुसरं कोण घेणार? दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना ह्यांनी माझ्या भावाची पिशवी जमिनीवर उलटी केली. डबा, रुमाल, एक कंगवा. घुम्या म्हणाला, "मी नाही घेतले." बस. तेवढंच. दुसरा कुणी असता तर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं. मी असते तर तीच पिशवी ह्यांच्या डोक्यात घातली असती.

आठवडाभरानं, मी खोळी द्यायला दुकानात गेले होते तेव्हा, घुम्या आला, शिंगाच्या मुठीचा चाकू टेबलावर ठेवला, "घ्या" म्हणाला आणि निघून गेला. ह्यांनी चाकू उजेडात धरला. दोन रेघा दिसेनात. "बघ!" मला म्हणाले. "खूण घासून काढली बदमाशानं! पण माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही." तो चाकू कपाटात परत आपल्या जागी झोपला आणि माझा भाऊ कायमचा चोर झाला.

तेव्हापासून हे चाकूला गोफ बांधतात आणि गोफाचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. त्यानंतर एकही चाकू गेला नाही. "तो गेला आणि चोऱ्या थांबल्या," हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. माझ्या आईनंही ऐकलं, आणि ऐकत ऐकतच ती गेली.

घुम्या गावाबाहेरच्या गादी कारखान्यात कापूस भरायला लागला. ज्या हातांनी जुन्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा बांधल्या ते हात खोळीत कापूस कोंबतायत. संध्याकाळी त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो आणि खोकला तर विचारूच नका. त्याच्या जागी दुकानात मी आले. कापड ताणायला, खालून उसवायला, आणि ह्यांचं ऐकायला.

परवाच्या दिवसाचं सांगते म्हणजे माझा पारा का चढला ते कळेल. मोठ्या रस्त्यावर फर्निचरचं शोरूम आहे. तिथल्या मालकांना कारखान्यावर मुख्य कारागीर हवा होता आणि कुणीतरी घुम्याचं नाव सुचवलं. मालकांनी ह्यांना फोन केला, की तुमच्याकडे होता ना, कसा आहे माणूस? आणि आमच्या ह्यांनी काय सांगावं? "कारागीर चांगला. हात जरा लांब आहे. वस्तू जपून ठेवा." रात्री जेवताना मला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. वर म्हणे, "विचारलं तर खरं सांगायला नको?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांच्या पुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. म्हटलं, खरं खाऊन पोट भरत असेल तर भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यातला सोफा आला. पेशंट बसतात तो. कितीतरी वर्षांपूर्वी ह्यांनीच बांधलेला, आता कुठं एका बाजूला खचला होता. हे पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी सोफा उलटा केला, खालचं काळं कापड उसवलं आणि गोणपाट वर ओढलं. काथ्याची धूळ नाकात गेली, शिंकले, आणि माझ्या पायाशी ठक्‌ करून काहीतरी पडलं.

शिंगाच्या मुठीचा चाकू.

मी तो उचलला. घट्ट बसला होता, नखानं उघडेना. पदरानं पुसला, जोर लावून पातं वर केलं. मुठीजवळ दोन आडव्या रेघा. मी कपाटाकडे बघितलं. तिथं मखमलीवर शिंगाच्या मुठीचा चाकू आरामात झोपलेला.

  सगळं एका क्षणात कळलं. तोंडात चुका, दोन्ही हातांत कापड, चाकू ठेवायचा कुठं? सोफ्याच्या पोटात, स्प्रिंगांखालच्या पट्ट्यांवर. आणि मग वरून गोणपाट, वरून काथ्या, वरून कापड, ठोक चुका, झाला सोफा तयार. बाकीचे तीन चाकूही असेच कुणाकुणाच्या सोफ्यात झोपले असणार. गोफ बांधल्यावर चोऱ्या थांबणार नाहीत तर काय होईल! आणि माझ्या भावानं परत केलेल्या चाकूवरची खूण घासलेली नव्हती. ती कधी नव्हतीच. त्यानं तो बाजारातून विकत आणला होता.

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले, एवढीच काय ती सभ्यता. मग दोन्ही चाकू ह्यांच्या समोर आपटले. "डोळे बांधू का? ओळखा!"

ह्यांनी एक उचलला, दुसरा उचलला. रेघा बघितल्या. चष्मा काढला, परत लावला. आणि काय म्हणाले असतील? "घुम्यानंच कोंबला असेल सोफ्यात. लपवायला."

"अहो, शरम वाटू द्या!" मी ओरडले ते पलीकडच्या दुकानात ऐकू गेलं, नंतर शेजारचा चहावाला विचारायला आला होता. मी ते उसवलेलं कापड ह्यांच्या नाकासमोर धरलं. "हा टाका बघा. कुणीकडे झुकलाय? उजव्या हाताचा माणूस असा टाका घालतो? हा सोफा कुणी बंद केलाय? सांगा ना!"

डावखुऱ्याचा टाका उलटा झुकतो. आमच्या बाजारात असा टाका घालणारा एकच माणूस आहे. ह्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं आणि खाली स्टुलावर बसले. मग मलाच हळू आवाजात म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. दुकानाचं नाव जाईल. गिऱ्हाईक म्हणेल, ह्यांच्या सोफ्यात चाकू निघतात."

दुकानाचं नाव! माझ्या भावाचं नाव गेलं तेव्हा ह्या माणसानं ते गिऱ्हाइकांसमोर जमिनीवर ओतलं होतं, कंगव्यासकट. मी म्हटलं, "उठा. शोरूममध्ये जायचं. आत्ता."

"उद्या फोन करतो."

"फोनवर नाव घालवलंत. ते परत आणायला पायांनी जायचं."

रस्ताभर कुरकुर चालली होती. डॉक्टरांना काय सांगू, मालक हसतील, असं तडकाफडकी जाणं बरं दिसत नाही. मी पुढं चालत राहिले. चाकू माझ्या पिशवीत होते, दोन्ही.

शोरूमच्या मालकांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. हे खाकरले आणि म्हणाले, "चोरीला गेला म्हणत होतो तो चाकू सापडला."

"अरे वा! कुठं?"

"असाच... सापडला."

मी म्हटलं, "असाच नाही. कुठं ते सांगा."

"सोफ्यात."

"कुणी ठेवला होता?"

माझा नवरा दिवसभर बोलू शकणारा माणूस. त्या खुर्चीत नुसता पाण्याचा ग्लास फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "मीच. चुकून. मेहुण्याचा काही दोष नव्हता. माणूस सोन्यासारखा आहे."

मालकांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, "काल सकाळी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं हो. काल दुपारीच मी दुसऱ्याला शब्द दिला. तो आज कामावर आलासुद्धा."

बाहेर आल्यावर हे म्हणतात, "चला, आपण आपल्याकडून सांगितलं." सुटल्यासारखा चेहरा! मी तिथंच फुटपाथवर थांबले. म्हटलं, "कुठं चाललात? अजून घुम्याकडे जायचंय." मला वाटलं होतं पाय ओढतील. पण नाही, तिथं जायला हे एकदम तयार झाले. वाटेत म्हणाले, "तो काही बोलायचा नाही. मनाचा मोठा आहे तो." मला तेव्हा कळलं, की हे माफी मागायला निघालेच नव्हते. फुकट मिळणार म्हणून घ्यायला निघाले होते.

घुम्या नुकताच कारखान्यातून आला होता. खोलीच्या दारात बादली ठेवून हातपाय धूत होता. केसांत कापूस. आम्हा दोघांना एकत्र बघून त्यानं तांब्या खाली ठेवला.

ह्यांनी शोरूमचं सांगितलं, सोफ्याचं सांगितलं, टाक्याचं मात्र वगळलं. ते मी सांगितलं. घुम्या ऐकत होता. मी विचारलं, "तू विकत कशाला आणलास? चोर कशाला झालास रे बाबा?"

"आई म्हणाली, एक आणून दे, मिटेल. नाहीतर ताईला रोज ऐकावं लागेल." मग म्हणाला, "तसाच मिळाला बाजारात."

माझ्यासाठी केलं होतं, आणि मला विचारलं नव्हतं. आईनंही नाही. मला आईचाही राग आला, आता तिला कुठं गाठू आणि कसं भांडू!

हे म्हणाले, "अरे, पण मग तेव्हाच सांगायचं ना स्पष्ट!"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "'मी नाही घेतले' म्हणाला होता तो. याहून स्पष्ट कसं बोलतात?"

"बरं, झालं गेलं." ह्यांनी माझ्या पिशवीत हात घातला, रेघा नसलेला चाकू शोधून काढला आणि हसत पुढं केला. "हा तुझा. तुझ्या घामाच्या पैशांचा. घे, आणि राग सोड."

घुम्यानं हात पुसले. सावकाश, एकेक बोट. चाकूकडे बघितलंही नाही. माझ्या भावाला मी ह्यांच्या डोळ्याला डोळा भिडवताना पहिल्यांदा बघत होते.

"तो चोरीचा आहे, भाऊजी," तो म्हणाला. "मी परत केलाय."

ह्यांचा हात तसाच पुढं राहिला. घुम्यानं बादली उचलली, पाणी गटारात ओतलं आणि आत गेला. दार त्यानं लावलं नाही, पण आत या असंही म्हणाला नाही.

हे माझ्याकडे वळले. घरात कुणाशी बिनसलं की हे असेच वळतात, मी मध्ये पडावं, दोन गोड शब्द बोलून सावरून घ्यावं म्हणून. "बघ ना," म्हणाले, "काय बोलतो हा!"

मी म्हटलं, "बरोबर बोलतो."