हात त्याचा, नाव भावाचं

"राहू द्या ताई, मी धरस."

माझ्या टेबलावरचा पंखा कागद उडवू लागला की तो हे म्हणायचा आणि उजवं मनगट कागदांवर ठेवायचा. मनगटच, कारण त्यापुढे हात उरला नव्हता. मी पंखा बंद करायला उठले तर हरकत घ्यायचा. "तुमले घाम येस. हाऊ हात रिकामाच शे."

कामगार कार्यालयासमोर माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी यादी करून देते: कोणता कागद, कुठून, कोणत्या तारखेपर्यंत. कागद मिळाला की त्यासमोर बरोबरची खूण. तुम्हीही कचेऱ्यांबाहेर अशी माणसं पाहिली असतील; बहुतेकजण आधी कहाणी सांगतात, मग कागद काढतात. यानं बियाण्याच्या पिशवीतून थेट कागद काढून पुढे ठेवले.

कोरीट गावचा माणूस. हंगामात जिनिंगमध्ये मजुरीला जायचा. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस अडकला, तो काढताना हात आत गेला. मालकाकडून भरपाई हवी तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. इजा झाली आणि ती कामावर असताना झाली. मला वाटलं, सोपं आहे. मग मी दवाखान्याचा पहिला कागद वाचला.

"हे कोणाचं नाव?"

"मन्हा धाकला भाऊनं."

"आणि हात?"

"हात मन्हा."

तो हसला. मीही हसले, आणि मग माझं हसू थांबलं.

जिनिंगमधली जागा धाकट्याची होती. मुकादमाच्या हजेरीवहीत नाव त्याचंच. पण घरात दोघांची मिळून हजेरी एकच धरलेली. धाकट्याला शेतात पाणी भरायचं असलं की त्या दिवशी हा जायचा. मुकादम नुसतं "कोरीट!" असं ओरडायचा आणि दोघांपैकी जो असेल तो "हाव" म्हणायचा. यात लबाडी आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात नाव विचारलं, तेव्हा इतकं रक्त वाहत असतानाही यानं भावाचं नाव सांगितलं.

"अहो, पण का?"

"मन्हं सांगतू ते त्यानी जागा जाती ना, ताई."

पुढे दिव्यांग प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या नावानं मिळालं. हात त्याचा गेला याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्या दिवशी कामावर तो होता, एवढंच कुठल्या कागदावर नव्हतं. प्रमाणपत्रावर एसटीच्या तिकिटात सवलत मिळते. ती घेऊन तो माझ्याकडे खेपा घालायचा.

मी यादी केली. पहिली ओळ, सोबतचे कामगार साक्षीदार. दोघं चहा पिऊन कबूल झाले. सहीच्या दिवशी एक म्हणाला, "माले ध्यानमा नही." दुसरा मला पाहून रस्त्याच्या पलीकडून निघून गेला. मी संतापले. हा म्हणाला, "त्यास्नी बी हजेरी शे, ताई."

शेवटची ओळ उरली, भावाचं प्रतिज्ञापत्र. मजकूर एवढाच: त्या दिवशी मी कामावर नव्हतो, माझ्या जागी माझा मोठा भाऊ होता. मी ते टाइप करून ठेवलं. धाकटा आला. मुकादमानं त्याला आधीच बजावलं होतं की सही केलीस तर उद्यापासून येऊ नको. तरी त्यानं पेन उचललं. पंखा चालू होता, आणि सवयीप्रमाणे मोठा भाऊ मनगटानं कागद दाबून बसला होता. धाकट्यानं पेन टेकवायच्या आत त्यानं त्याच मनगटानं कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू दे रे."

"दादा, तुन्हा हक्क शे!"

"घरमा पुरा दोन हात तुन्हाच शेतस. त्या बी जाऊ देऊ का?"

मी बोलले, रागावले, कायदा समजावला. तो मान हलवत राहिला. दावा करायची शेवटची तारीख मी यादीत लाल पेनानं लिहिली होती. तोवर तो बाजाराच्या दिवशी येऊन बसायचा, कधी माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचे कागद धरायचा. तारीख उलटल्यावर एकदाच आला.

"गयी का तारीख?"

"गेली."

"मंग यादीवर रेघ मारी टाका, ताई." तेवढं बोलून तो उठला. नंतर आला नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला धाकटा आला. जिनिंगच्या नव्या यादीसाठी आधारची झेरॉक्स हवी होती. मी भावाची चौकशी केली.

"शेतमा पाखरे हाकलस. बोलस कमी." मग आधार खिशात ठेवत म्हणाला, "दादानी सांगेल शे, त्यानी फाईल चांगली शे, कागद काढीसन दुसराले द्या."

मी फळीवरून फाईल काढली. सगळ्यात वर दवाखान्याचा कागद होता. वेळ, तारीख, इजेचं वर्णन, धाकट्याचं नाव. खालच्या कोपऱ्यात, जिथे तो दर वेळी मनगट ठेवायचा, तिथे एक गोल मळकट डाग पडला होता. त्या कागदावर त्याचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते पुरावा म्हणून चालत नाही.

पंख्यानं कागद उचलला. धाकट्यानं झटकन दोन्ही हात त्यावर ठेवले आणि नंतर कितीतरी वेळ ते उचलले नाहीत.