कच्चा मासा आणि एक स्थळ

जपानात चार वर्षं नोकरी करून आलेल्या त्या मुलानं आमच्या घरी यायला नकार दिला. कांदेपोह्यांचा कार्यक्रम त्याला जुनाट वाटायचा. "बाहेरच भेटू, मोकळेपणी बोलता येईल," असा त्याच्या आईचा फोन आला. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. एका रविवारी दुपारी बाबा आणि मी विरारच्या फुलपाड्याहून वसईला गेलो. आईचा पाय मुरगळला होता, म्हणून ती आली नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. त्या वर्षातलं हे तिसरं स्थळ.

एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून केलेलं ते हॉटेल. पाटीवर चायनीज, थाई आणि जपानी असं तिन्ही रंगवलेलं. मालक पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता. आता आत तो, बाहेर त्याची बायको आणि मागच्या टेबलाशी कोबी चिरत बसलेली त्याची म्हातारी आई, एवढ्यांवर सगळं चालायचं. आत शिरताच कुबट वास आला. टेबलावरचं प्लॅस्टिक हाताला चिकटत होतं.

मुलगा आणि त्याची आई आधीच येऊन बसले होते. मुलानं आदल्या दिवशी फोन करून सुशीची ऑर्डर देऊन ठेवली होती. मालकीणबाई पाणी घेऊन आल्या. बाई राजोडीकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या असाव्यात. त्या हळूच म्हणाल्या, "सायब, आज कच्चं नको. काल रात्रीपासून लाईट नव्हती, फ्रिज बंद होता. गरम नूडल्स देते, नायतर तळून देते."

"मी सुशी सांगितली होती ना?"

"मासा ऱ्हायला नाय चांगला."

मुलगा हसला. "चार वर्षं हेच खातोय मी. ताजा मासा कशाला म्हणतात ते तुम्ही मला शिकवू नका. आणा."

त्याची आई कौतुकानं आमच्याकडे बघत म्हणाली, "याचं असंच असतं. एकदा ठरलं की ठरलं."

बाई आत गेल्या. आतून नवराबायकोची कुजबुज ऐकू आली, आणि मग लांबट थाळी आली. गार, चिकट भाताचे लहान लहान मुटके आणि त्यांवर सुरमईचे कच्चे काप. कापांच्या कडा करड्या पडल्या होत्या, वर एक बुळबुळीत चमक होती. मी बाबांकडे पाहिलं. आम्ही मूळचे मालवणकडचे. विरारच्या बाजारात बाबा माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय पिशवी पुढे करत नसत. कोळणी त्यांना लांबून बघूनच शिळा माल झाकायच्या. एकदा शिळा बांगडा घरी आला तर तो परत द्यायला ते भर उन्हात चालत गेले होते. आता त्यांच्या नाकपुड्या जराशा हलल्या. त्यांना कळलं होतं.

"घ्या ना काका," मुलगा म्हणाला.

"हो हो, घेतो," म्हणत बाबांनी एक मुटका उचलून अख्खा तोंडात टाकला.

मुलानं माझ्या ताटलीतल्या कापावर बोटभर हिरवं काहीतरी थापलं. "ही तिकडची चटणी. एका घासात खायचं हं." पहिल्या वाक्यापासून तो मला अगं-तुगं करत होता. मी घास घेतला. नाकातून मेंदूपर्यंत आग गेली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या आगीखाली जिभेवर तो मासा होता. गार, लिबलिबीत, कडेला आंबट. चावला की तुटत नव्हता, नुसता सरकत होता. मुलगा टेबलावर हात आपटून हसत होता. "सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं!" त्याची आईही हसली. तिच्या पुढ्यात मात्र व्हेज फ्राइड राइस होता.

कुणीतरी माझ्या हनुवटीखाली स्टीलची वाटी धरली. मालकीणबाई होत्या. "थूक, बाय. गिळू नको. पानी पी."

मी थुंकले. सगळ्यांसमोर.

"शी!" मुलाची आई म्हणाली. मुलगा म्हणाला, "हरकत नाही, सवय होईल. लग्नानंतर तिकडे गेल्यावर असं चालणार नाही म्हणा." आणि त्यानं थाळी बाबांकडे सरकवली. "काकांना आवडलेलं दिसतंय."

बाबा खात होते. एकापाठोपाठ एक. चावताना त्यांचे ओठ ओलसर चमकत होते, कपाळावर घाम आला होता, आणि प्रत्येक घासानंतर ते मान डोलावून "छान आहे, वेगळं आहे" म्हणत होते. गळ्याची घाटी वरखाली होताना मला दिसत होती. मला त्या मुलाची किळस आली होतीच; पण त्या घाटीकडे बघताना जी किळस आली, तशी तो मासा तोंडात असतानाही आली नव्हती.

निघून आम्ही एसटीच्या थांब्याशी पोचलो, तेवढ्यात बाबा भिंतीला धरून वाकले आणि सगळं बाहेर पडलं. भात तसाच्या तसा होता. मी त्यांची पाठ चोळली, पण तोंड दुसरीकडे करून.

"शिळा होता ना?" मी विचारलं.

"सुटलेलाच होता."

"मग का खाल्लात?"

रुमालानं तोंड पुसत ते म्हणाले, "मुलीचा बाप आहे गं मी. सगळ्यांनीच थुंकून कसं चालेल?"

बाबा दोन दिवस पेजेवर होते. तिसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. मुलगी पसंत होती. बाबा रिसीव्हर हातात धरून "हो, हो, आनंद आहे" म्हणायला लागले, तेव्हा मी तो त्यांच्या हातातून घेतला. "काकू, मला तुमचा मुलगा पसंत नाही," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मामानं येऊन ऐकवलं, की मासा न आवडल्यावरून कुणी स्थळ मोडतं का? मी काही समजावत बसले नाही.  बाबांनी तेव्हा माझ्या बाजूनं एक शब्द जरी काढला असता तर बरं झालं असतं.

पण खरी अडचण पुढेच होती. बाबा समोर जेवायला बसले की मला तो ओलसर ओठांचा चेहरा दिसायचा. मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. कधी दूध उतू जातंय म्हणून, कधी दार वाजलं म्हणून. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. एके दिवशी त्यांनी ताट उचललं आणि "इथे वारा येतो" म्हणत गॅलरीत स्टूल मांडून बसले. तिथे वारा येत नव्हता. आई म्हणाली, "हे काय नवीन?" मी मान खाली घालून जेवत राहिले.

पावसाळा सरेपर्यंत ते तिथेच जेवले. मग आईनं एकदा वैतागून स्टूल माळ्यावर टाकलं, आणि ते पुन्हा माझ्या समोर येऊन बसले. पहिले काही दिवस मी ताटातून नजर वर केली नाही.